कॅन्सस, १९३२ ते १९३६ : महामंदीवरच्या दीर्घकथेतला रोजचा दिवस तपासताना

११ जानेवारी

दिवाळी अंकासाठीच्या दीर्घकथेचा पहिला खर्डा हातावेगळा झाला. नैर्ऋत्य कॅन्ससमध्ये, डॉज सिटीच्या पूर्वेला गव्हाचं शेत असलेलं एक कुटुंब. काळ १९३२ चा उन्हाळा ते १९३६ चा हिवाळा. पात्रं काल्पनिक, गावही काल्पनिक, पण परगणा खरा आणि हवामान खरं. आता पुढचं काम म्हणजे खर्ड्यातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक भाव, प्रत्येक सवय त्या ठिकाणी आणि त्या महिन्यात होती का, हे बघणं. महामंदीवर मराठीत लिहू पाहणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवते आहे.

पद्धत साधी आहे. खर्डा छापून घेतला. वस्तूंखाली लाल रेघ, पैशांखाली निळी, आणि माणसं सवयीने, विचार न करता जे करतात त्याखाली हिरवी. लाल आणि निळं पटकन दिसतं. हिरवं शोधावं लागतं: दिवे कोण लावतं, पाणी कुठून येतं, अंघोळ कोणत्या वारी, शाळेत मुलं झेंड्यासमोर कशी उभी राहतात. सगळ्यात जास्त चुका हिरव्यातच निघतील असं वाटतंय.

१८ जानेवारी

सुरुवात विजेपासून केली, कारण एक धागा ओढला की दहा गोष्टी सुटून येतात. तिशीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतावर वीज होती. ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी यंत्रणा उभी राहिली मे १९३५ मध्ये आणि त्याचा कायदा झाला १९३६ मध्ये. म्हणजे माझ्या कुटुंबाकडे कथेच्या शेवटापर्यंत रॉकेलचा कंदीलच हवा. खर्ड्यात आई रात्री उशिरापर्यंत शिवणकाम करते. आता ते काम दुपारी हलवलंय, खिडकीशी. रात्री ती फक्त विणते, कारण विणकामाला डोळे लागत नाहीत.

वीज नाही म्हणजे फ्रीज नाही, आणि इतक्या आडगावात बर्फवालाही नाही. दूध-लोणी तळघरात किंवा विहिरीत सोडलेल्या बादलीत. पाणी पवनचक्कीने उपसलेलं, म्हणजे वारा पडला की हातपंप. अंघोळ शनिवारी, एकाच टबात, एकामागून एक.

रेडिओ मात्र काढायचं कारण नव्हतं. १९३० च्या जनगणनेत घरात रेडिओ आहे का, हा प्रश्न होता, आणि देशभरातल्या दर ५ घरांमागे २ घरांचं उत्तर ‘हो’ होतं. शेतांवर प्रमाण कमी होतं, पण होतं. शेतावरचा रेडिओ बॅटऱ्यांवर चालायचा. त्यातली ओली बॅटरी गावातल्या गॅरेजात नेऊन चार्ज करावी लागे आणि त्याचे पैसे पडत. म्हणून रेडिओ दिवसभर चालू राहत नसे. हवामान, धान्याचे भाव, रात्रीचा एखादा कार्यक्रम, की बंद. या काटकसरीत एक प्रसंग अलगद बसला: बाप बटण फिरवतो आणि ते बंद होईपर्यंत घरात कुणी बोलत नाही.

२ फेब्रुवारी

दुष्काळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हडकलेले बैल आणि लाकडी नांगर येतो. खर्ड्यात मीही बापाच्या हाती घोड्यांचा नांगर दिला होता. पश्चिम कॅन्ससचं चित्र वेगळं आहे. इथल्या गहूवाल्यांनी विशीच्या दशकातच ट्रॅक्टर आणि कंबाइन (कापणी-मळणीची यंत्रं) घेतले होते, पुष्कळांनी कर्जाने. एकतर्फी तव्यांचा नांगर याच भागात, प्लेन्स नावाच्या गावी, चार्ली अँजेल या शेतकऱ्याने काढला. तो झपाट्याने जमीन फोडायचा आणि माती भुगा करून ठेवायचा. पुढे जी माती उडाली त्यात या नांगराचा मोठा हात होता.

म्हणजे हे कुटुंब गरीब आहे, पण त्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर उभा आहे, त्याचा हप्ता थकलेला आहे आणि त्यात घालायला इंधनाला पैसे नाहीत. यंत्रं आहेत आणि रोकड नाही, ही त्या काळाची खरी अडचण. पहिली तीन प्रकरणं यावर नव्याने लिहावी लागणार. वेळ जाईल. पण हे सोडलं तर अमेरिकेत घडणारी मराठी दुष्काळकथा उरेल, आणि तिला कॅन्सस कशाला हवं?

९ फेब्रुवारी

आज निळ्या रेघा. १९२९ मध्ये गव्हाच्या बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोला, एक डॉलरच्या आसपास भाव होता. १९३२ च्या हंगामात सरासरी ३८ सेंट. हा एक आकडा पुऱ्या कथेला पुरतो. शहरात पावाचा भाव एका पौंडाला १९२९ मध्ये ८.८ सेंट आणि १९३३ मध्ये ७.१ सेंट. म्हणजे गहू तिसऱ्या हिश्शावर आला आणि पाव मात्र पाचव्या हिश्शानेच उतरला. बापाच्या तोंडी रागाचं वाक्य होतं. ते काढून त्याला दुकानात पावाची किंमत नुसती वाचायला लावली. तेवढं पुरेसं आहे.

एक इशारा. नुसती किंमत दिली की वाचकाला तो काळ स्वस्ताईचा वाटतो. ‘डझनभर अंडी २९ सेंटला’ असं वाचून कुणालाही हेवाच वाटेल. तो १९३३ चा शहरी दुकानातला सरासरी भाव होता. शेतकऱ्याच्या बायकोला त्यातलं बरंच कमी मिळायचं, आणि तेही बहुतेक वेळा रोख नाही, तर साखर-कॉफीच्या बदल्यात. किंमत लिहायचीच तर ती कुणाच्या हातून कुणाच्या हातात जाते, हेही लिहावं.

याच शोधात घरखर्चाचं खरं गणित सापडलं. गव्हाचा पैसा वर्षातून एकदा. आठवड्याचा पैसा साय आणि अंड्यांचा. दूध हाताने फिरवायच्या यंत्रातून काढून साय वेगळी करायची, कॅनमध्ये भरायची आणि शनिवारी गावात विकायची. उरलेलं दूध डुकरांना आणि पोरांना. हे सगळं बाईच्या ताब्यात. माझ्या खर्ड्यात आई सोसत बसली होती. आता घरातला एकमेव नियमित पैसा तिच्या हातात आहे, आणि त्यामुळे नवरा-बायकोचं प्रत्येक संभाषण बदललं.

२१ फेब्रुवारी

टोपीकाला कॅन्सस हिस्टॉरिकल सोसायटीत दिवस घालवला. राज्यातली जुनी वर्तमानपत्रं तिथे मायक्रोफिल्मवर आहेत. बातम्यांपेक्षा किराणा दुकानांच्या जाहिराती, हरवलं-सापडलं, लिलावाच्या नोटिसा आणि चर्चच्या जेवणांची आमंत्रणं जास्त कामाची. नव्याने जाणाऱ्यांनी वर्ष ठरवून नव्हे, आठवडा ठरवून जावं. मी सकाळचा वेळ ‘१९३३’ चाळण्यात घालवला आणि हाती काही लागलं नाही. दुपारी फक्त मार्च १९३३ चे पहिले दोन आठवडे वाचले आणि एक पूर्ण प्रकरण उभं राहिलं.

बँकांचं प्रकरण. खर्ड्यात त्या आठवड्यात लोक बँकेच्या दारावर मुठी आपटतात. तारखा लावून पाहिल्यावर ते टिकेना. रूझवेल्टनी शपथ घेतली ४ मार्चला (२० जानेवारीची प्रथा १९३७ पासूनची) आणि सोमवारी, ६ तारखेला, देशभरातल्या बँका हुकुमाने बंद झाल्या. बँका सगळीकडेच बंद होत्या, त्यामुळे कोणा एकावर धावून जायचं कारण उरलं नाही. दुकानदारांनी उधारी दिली. सुट्टे पैसे मिळेनासे झाले. १२ तारखेला, रविवारी रात्री, अध्यक्ष रेडिओवर बोलले. पूर्वेकडच्या घड्याळात १०, आमच्या कुटुंबाच्या घड्याळात ९. १३ पासून बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या आणि लोक पैसे परत भरायला आले.

खरा घाव त्याआधीच्या वर्षांतला होता, जेव्हा छोट्या गावांतल्या बँका एकेक करून बुडत होत्या. ठेवींना सरकारी विमा १ जानेवारी १९३४ पासून, तोही सुरुवातीला २,५०० डॉलरपर्यंत. त्याआधी बँक बुडाली की ठेवीतलं किती हाती येईल याची कुणालाच खात्री नसे. म्हणून मुठी आपटण्याचा प्रसंग काढला. त्याजागी १९३२ च्या शरद ऋतूत बाप गावात जातो, बंद दारावरचा कागद वाचतो आणि साय विकायला पुढे जातो. मार्चमध्ये तोच माणूस रेडिओपाशी बसून ऐकतो. दोन्ही प्रसंगांत तो गप्पच आहे, पण आता त्या गप्प बसण्याला कारण आहे.

इथे माझं मत पक्कं झालं. ‘तिशीचं दशक’ असं काही लिहिता येत नाही. १९३२ चा ऑक्टोबर, १९३३ चा मार्च आणि १९३४ चा जून हे तीन वेगळे देश आहेत. भिंतीवर महिन्यांचा तक्ता लावला. यापुढे प्रत्येक प्रसंगावर महिना लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

५ मार्च

तक्त्याचा लगेच उपयोग झाला. भराभर निघालेल्या गोष्टी: टपाल ६ जुलै १९३२ पासून २ ऐवजी ३ सेंट, मुलीच्या जून महिन्यातल्या पत्रावर २ सेंटचंच तिकीट हवं. पाच सेंटच्या नाण्यावर १९३८ पर्यंत रेडइंडियन माणसाचा चेहरा आणि मागे गवा; जेफरसनचं नाणं नंतरचं. झेंड्यावर ४८ तारे.

आणि बार. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठते आणि काका गावातल्या बारमध्ये आनंद साजरा करतो, असा खर्ड्यातला माझा फार आवडता प्रसंग होता. देशाची दारूबंदी उठली, पण कॅन्ससची स्वतःची १८८१ पासूनची होती आणि ती १९४८ पर्यंत टिकली. कमी मद्याची बिअरदेखील इथे १९३७ मध्ये आली. प्रसंग पूर्ण काढला. राज्याचे कायदे वेगळे तपासावेत, देशाच्या इतिहासावर विसंबू नये.

१६ मार्च

कापडाचा दिवस. धान्याच्या आणि पिठाच्या सुती पिशव्यांपासून बायका कपडे शिवत, हे प्रत्येक महामंदीकथेत असतं, आणि तिथे नेमका फुलाफुलांचा फ्रॉक असतो. छापील नक्षीच्या पिशव्यांचा सुकाळ झाला तो दशकाच्या उत्तरार्धात आणि चाळिशीत. १९३२ मध्ये बहुतेक पिशव्या पांढऱ्या, त्यावर गिरणीचं नाव आणि वजन मोठ्या अक्षरांत. ती अक्षरं घालवायला त्यांवर चरबी किंवा रॉकेल चोळून रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्यात उकळायचं. तरी पुसट खूण राहायची. म्हणून अशा कापडाचे आतले कपडे आणि टॉवेल जास्त, आणि वरचा कपडा केला तर रंगवून.

विचिटाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एक रिकामी पिशवी २२ डॉलरला मिळाली. महाग पडली, पण वाचून जे कळलं नव्हतं ते हातात घेतल्यावर कळलं. तिची बाजूची शिवण साखळी टाक्याची आहे. योग्य टोक कापून दोरा ओढला की सबंध शिवण एका झटक्यात सरसर उसवते. चुकीच्या टोकाने ओढलं तर गाठ बसते. सुटलेला दोरा लांब, जाड, अखंड निघतो. बायका तो गुंडाळून ठेवत आणि गोधड्यांना, क्रोशाला वापरत. कापड पसरलं तर एक वार आणि वर थोडंसं. एका फ्रॉकला साधारण तीन पिशव्या लागत, आणि रंग-पोत जुळणाऱ्या तीन पिशव्या जमेपर्यंत थांबावं लागे. मुलीचं ते थांबणं आता कथेत आहे. अक्षरांचे पुसट डागही आहेत, पाठीवर.

२९ मार्च

फोटोंबद्दल सावध राहावं लागेल. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सरकारी छायाचित्रकारांच्या त्या काळातल्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आहेत, आणि ते घरबसल्या फुकट पाहता येतात. त्यांच्याइतकं मोठं साधन नाही. पण ते काम १९३५ मध्ये सुरू झालं. १९३२ च्या स्वयंपाकघरासाठी १९३९ चा फोटो वापरला की मधली सात वर्षं गुपचूप आत येतात. शिवाय छायाचित्रकारांना हाल दाखवायलाच पाठवलं होतं. आर्थर रॉथस्टीनने १९३६ मध्ये साउथ डकोटात गुराची एक कवटी उचलून दुसरीकडे ठेवून तिचे फोटो काढले, त्यावर वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ झाला होता.

कृष्णधवल फोटो सतत पाहून माझी सगळी पात्रं करड्या कपड्यांत वावरत होती. टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या कॅटलॉगांत कापडाचे रंग नावानिशी दिलेले असतात. ते वाचून घरात थोडा रंग आला. स्वयंपाकघराचे पडदे आता पिवळे आहेत.

१२ एप्रिल

फोन. मला वाटत होतं की काळ पुढे सरकतो तसे फोन वाढतात. इथे उलट झालं. १९३० मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ३४ टक्के शेतांवर फोन होता, १९४० मध्ये २५ टक्के. लोकांनी भाडं परवडत नाही म्हणून फोन परत केले. एका तारेवर अनेक घरं, प्रत्येक घराची घंटी वेगळी, लांब-आखूड, आणि कुणाचीही घंटी वाजली की बाकीच्यांनी हळूच रिसीव्हर उचलून ऐकायचं. आजारपण, मरण, आग, सगळं त्या तारेवरून गावभर जायचं. फोन गेला म्हणजे शेजार गेला. कुटुंब १९३३ मध्ये फोन सोडतं आणि आई पहिल्यांदा एकटी पडते. हे प्रकरण तपासणीतूनच जन्मलं, खर्ड्यात नव्हतं.

२६ एप्रिल

धुळीची प्रकरणं. १४ एप्रिल १९३५, ‘काळा रविवार’. खर्ड्यात सकाळपासून आकाश अंधारलेलं होतं, नाट्यासाठी. त्या दिवशी सकाळ लख्ख होती. कित्येक आठवड्यांच्या धुळीनंतर पहिल्यांदा स्वच्छ ऊन पडलं होतं, झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) होता, लोक चर्चला गेले, धुणी वाळत घातली, खिडक्या उघडल्या, सहलींना निघाले. डॉज सिटीला धुळीची भिंत आली अडीच-तीनच्या दरम्यान, उत्तरेकडून, थंडीसह, आणि तिच्यापुढे पक्षी उडत होते. आता प्रकरणाचा पहिला निम्मा भाग धुण्याचा आहे. आई चार आठवड्यांची अंथरुणं बाहेर वाळत घालते.

रोजच्या धुळीतल्या सवयी मोठ्या वादळापेक्षा महत्त्वाच्या. ताटं-पेले टेबलावर पालथे, वाढेपर्यंत सुलटे करायचे नाहीत. खिडक्यांवर ओल्या चादरी. नाकपुड्यांत व्हॅसलीन. हवेत इतकी स्थिर वीज की गाड्यांना मागे साखळी बांधून ती जमिनीवर ओढत नेत आणि माणसं हस्तांदोलन टाळत. धुळीच्या रंगावरून ती कुठली हे कळे: काळी कॅन्ससची, तांबडी ओक्लाहोमाची. धुळीच्या न्यूमोनियाने आजारी पडलेल्या धाकट्याला खर्ड्यात डॉक्टर इंजेक्शन देतात आणि तो वाचतो. पेनिसिलीन चाळिशीतलं, सल्फाची औषधंही इथे १९३६-३७ ची. १९३५ च्या वसंतात होतं ते रेड क्रॉसचं तात्पुरतं इस्पितळ, ओल्या चादरी आणि वाट पाहणं. मुलगा वाचेल की नाही हे मला पुन्हा ठरवावं लागलं. तो वाचत नाही. हे लिहायला फार जड गेलं आणि आठवडाभर बाकी काही झालं नाही.

१० मे

शाळेतला प्रसंग. १९४२ पर्यंत अमेरिकन मुलं झेंड्याला वंदन करताना हात आधी छातीवर ठेवत आणि मग झेंड्याच्या दिशेने सरळ पुढे करत. आजच्या वाचकाला ती नाझी सलामी दिसणार. काढावं की ठेवावं यावर बराच विचार केला. ठेवलं, कारण मुलीसाठी ती रोजची, निरर्थक, हात दुखवणारी गोष्ट आहे. मात्र प्रसंगाच्या आधी शिक्षिका एका मुलाचं कोपर सरळ करते, एवढं घातलं. वाचकाला तिथे सवय दिसावी, घोषणा दिसू नये. तपशील खरा असून वाचकाला भलतीकडे नेत असेल, तर त्याच्यासाठी जागा करावी लागते.

ससे मारायच्या मोहिमाही याच आठवड्यात दुरुस्त केल्या. पश्चिम कॅन्ससमध्ये १९३५ मध्ये हजारो लोक रिंगण करून सशांना कुंपणात हाकलत. बंदुका नसत, कारण रिंगणात समोर माणसंच असतात. काठ्या असत. बंदुका काढल्यावर प्रसंग जास्त क्रूर झाला. तो तसाच होता.

२३ मे

माझ्या खर्ड्यातलं डॉज सिटी फक्त गोऱ्या लोकांचं होतं. सँटा फे रेल्वेच्या जागेवर, रुळांपाशी, मेक्सिकन कामगारांची वस्ती होती आणि रूळ टाकणारे हात त्यांचे होते. याच वर्षांत देशभरातून लाखो मेक्सिकन लोकांना मेक्सिकोत धाडलं गेलं. त्यांत अमेरिकेत जन्मलेली मुलंही होती. साय पोहोचवायला स्टेशनवर जाणाऱ्या माझ्या नायिकेला ती माणसं दर शनिवारी दिसणारच. तिच्या वयाची एक मुलगी आता तीन प्रकरणांत आहे आणि चौथ्यात नाही.

१४ जून

१९३४ च्या दुष्काळात सरकारने गुरं विकत घेतली, जनावरामागे १४ ते २० डॉलर. जी वाहतुकीलायक नव्हती त्यांना तिथेच गोळ्या घातल्या. खर्ड्यात याऐवजी लिलाव होता. नवा प्रसंग एका दमात लिहिला. बाप मोजून पैसे घेतो, कारण ते बाजारभावापेक्षा जास्त आहेत. मुलगा बापाकडे बघतो. दोघंही बरोबर आहेत.

२ जुलै

शेवटचं प्रकरण. कुटुंब गाडीवर गाद्या बांधून कॅलिफोर्नियाला निघतं. महामंदीचं हे चित्र इतकं ठसलेलं आहे की मी ते न तपासताच लिहिलं होतं. कॅलिफोर्नियाला गेलेल्यांचे मोठे लोंढे ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सा, मिसुरीचे. त्यांत कापसाचे कूळ-शेतकरी पुष्कळ, धुळीपेक्षा पडलेल्या भावांनी, ट्रॅक्टरांनी आणि पेरा कमी करण्याच्या सरकारी योजनेने उखडलेले. धुळीच्या पट्ट्यातली बहुसंख्य कुटुंबं जागेवर राहिली. १९३३ पासून गव्हाचा पेरा कमी करण्याबद्दल सरकारी चेक येऊ लागले होते. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला, आणि माझी कथा त्याच हिवाळ्यात संपते.

म्हणून माझं कुटुंब जात नाही. शेजाऱ्यांचा थोरला मुलगा जातो आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर लॉस एंजेलिसचे पोलीस त्याला खिशात पैसे नाहीत म्हणून परत फिरवतात. त्यांनी त्या महिन्यात खरोखरच राज्याच्या सीमेवर पहारे बसवले होते. जुनं प्रकरण सगळं टाकलं. नव्याला जवळजवळ महिना लागेल असं दिसतंय. राहणाऱ्यांबद्दल लिहिणं अवघड आहे, कारण रस्ता नाही, प्रवास नाही, घडत काही नाही. फक्त पुन्हा पेरणी आहे.

९ ऑगस्ट

कथा संपादकांकडे गेली. त्यांनी तळटीपा काढायला सांगितल्या, ते मान्य केलं. बुशेलचं वजन आणि गव्हाचा भाव तेवढे संवादात घेतले. महिन्यांचा तक्ता मात्र कथेच्या आधी एका पानावर छापायचं त्यांनी कबूल केलं.

चित्रकाराचं रेखाटन आलं: घर, पवनचक्की, ट्रॅक्टर आणि खांबांची रांग. खांबांवरच्या तारा विजेच्या होत्या आणि घरात शिरत होत्या. त्यांना फोनच्या तारांचे जुने फोटो पाठवले आणि प्रसंग १९३५ चा आहे हे सांगितलं. खांब राहू दे, आडव्या पट्टीवर काचेचे छोटे इन्सुलेटर काढा, तार पुढच्या शेताकडे जाऊ दे, आमच्या घराकडे वळणारी काढून टाका. सुधारित चित्र संध्याकाळी आलं आणि ते बरोबर आहे.